रखमाच्या हळदीवरचा आळ

उंबरकोंडात लग्न ठरलं की माणसं आधी कुठं जातात? भटजीकडे? मांडववाल्याकडे? छे हो! आधी जातात रखमाच्या परसदारी, आणि उभ्याउभ्याच विचारतात, "काकी, हळद हाय ना गो यंदा?" रखमा मुद्दाम लगेच बाहेर येत नाही. आतल्या आत भांडी वाजवते, कोंबड्यांना हाकलते, मग पदराला हात पुसत येते आणि कपाळाला आठ्या घालून म्हणते, "हाय थोडी. बगू." हाय थोडी! घरात मडकंच्या मडकं हळकुंडांनी भरलेलं असतं. स्वतः लावलेली, स्वतः खणलेली, उकडून उन्हात खडखडीत वाळवलेली हळद. पण भाव खाल्ल्याशिवाय द्यायची नाही, हा बाईचा नेम.

उंबरकोंड म्हणजे पोलादपूरहून वर डोंगरात चढत गेलं की लागणारी वाडी. घरं थोडी, त्यातल्या निम्म्यांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. लग्न असलं की मात्र सगळी कुलपं उघडतात, आणि हळदीच्या दिवशी जात्यावर रखमा बसते. तिचा नवरा मोरू जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नाची हळद दळायची ती सवाष्णींनी, अशी रीत. त्यामुळे मोरूच्या मागे रखमा जात्यावरून उठली आणि दुसऱ्या बायका बसल्या. त्यांनी दळलेली हळद एवढी जाडीभरडी निघाली, की नवऱ्यामुलाचे गाल सोलवटले आणि तो मुंडावळ्यांआड रडवेला होऊन उभा राहिला. तेव्हा गावकीतले थोरले कुशाबा म्हणाले, "रीत ऱ्हाऊ दे रीतीच्या जागी. पोराचं तोंड बगा आधी. रखमाला बसवा." बसवली. तेव्हापासून ती बसतेच आहे. लग्नघरात तिला हक्काची अशी तेवढी एकच जागा, आणि त्या जागेवर तिचा भारी जीव.

आता महिपत. पोलादपुरात महाबळेश्वरचा रस्ता फुटतो त्या अंगाला याचा फोटो स्टुडिओ. माणूस गोड, पण बोलायला बसला की ऐकणाऱ्याची एसटी चुकलीच म्हणून समजा. 'रंग ओळखावा तर महिपतनेच' हे वाक्य त्या भागात सगळ्यात जास्त वेळा कोण म्हणत असेल? महिपतच! तर या महिपतने मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून एक भलाथोरला मॉनिटर आणला. सोबत एक सीडी मिळाली. ती कसली, कोणत्या मॉनिटरची, याची काहीएक चौकशी न करता त्याने ती कॉम्प्युटरात सरकवली, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' केलं आणि मॉनिटरला झेंडूचा हार घातला.

त्या मॉनिटरवर पहिले फोटो उघडले ते उंबरकोंडातल्या ओमच्या हळदीचे. ओम म्हणजे सुंदराबाईचा एकुलता एक, आणि सुंदराबाई म्हणजे रखमाची भावकीतली जाऊ. फोटो उघडले आणि स्टुडिओतली माणसं बघतच राहिली. काय तो पिवळा रंग! ओम पिवळा, करवल्या पिवळ्या, मागची भिंतसुद्धा पिवळी. "वा! हळद काय चढलीय!" जो येई तो म्हणे. महिपतही मिशीवर ताव देई. कोणाच्या मनात शंका यायचं कारणच नव्हतं. हळदीचे फोटो पिवळे नाही दिसणार तर काय गुलाबी दिसणार?

मग त्याने लग्नाचे फोटो उघडले. तेही पिवळे. वरातीचे उघडले. तेही पिवळे. तुम्हा-आम्हाला वाटलं असतं, मॉनिटरचं काहीतरी बिनसलंय. पण आयुष्यभर लग्नं टिपलेल्या महिपतला काय वाटलं? हळद उतरली नाही! अहो, भटजींचं उपरणं पिवळं दिसलं तरी हा म्हणतो, घासली असेल कोणाची तरी. मांडवाचं पांढरं कापड पिवळं, तरी हळदच. शेवटी त्याने बाह्या सरसावल्या आणि दिवस दिवस खपून एकेका फोटोतला पिवळा रंग काढून टाकला. मॉनिटरवर सगळे छान माणसांच्या रंगाचे दिसायला लागले. फोटो महाडला अनुपमाच्या लॅबमध्ये गेले. अल्बम छापायचं काम तिच्याकडे. तिने इमानेइतबारे फोन केला, "महिपतदादा, हे सगळे जरा निळे वाटतायत. असेच छापू का?"

"अनुपमाताई," महिपत म्हणाला, "तुम्ही छापा. रंगाचं माझ्यावर सोडा."

सोडलं तिने. अल्बम आला. सुंदराबाईच्या ओटीवर सगळी भावकी जमली, चहा फिरला, आणि सुंदराबाईने वरचा मखमली कागद बाजूला केला. नवरदेव निळा! नवरी जांभळी! भटजींना हुडहुडी भरल्यासारखे ओठ! पंगतीच्या फोटोंपर्यंत पानं उलटली तर प्रत्येकाच्या पत्रावळीवर हिरवं वरण. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं हसलं, आणि मग काही विचारू नका, ओटी नुसती गदगदायला लागली. एकटी सुंदराबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढं एकच पोर, त्याचं एकदाच होणारं लग्न, आणि त्याचा हा असा तमाशा.

महिपत बिचारा समोरच बसलेला. आता स्वतःची कातडी वाचवायची तर काहीतरी बोलायलाच हवं. तो म्हणाला, "माझी काय चूक नाय. हळदच एवढी जहाल होती, की पिवळा काढता काढता माझे हात मोडले. सगळा रंग फाटला त्यात. हळद कोणाची होती ते विचारा."

सगळ्यांनी रखमाकडे बघितलं. आणि सुंदराबाई, रडतारडता, रागाच्या भरात बोलून गेली, "मी तवाच सांगत होते. कुकू पुसलेल्या हाताची हळद. चांगलं कसं होईल?"

हसणं जागच्या जागी थांबलं. रखमाने चहाचा कप खाली ठेवला, अर्धा तसाच, आणि उठून घरी गेली. कोणी तिला थांबवलं नाही. याचाच मला राग येतो. इतकी वर्षं तिच्या परसदारी हात जोडून उभी राहणारी माणसं, पण एकाने 'थांब गो' म्हटलं नाही.

आणि वेळ तरी कोणती! पुढच्याच आठवड्यात रखमाच्या स्वतःच्या नातीचं, सेजलचं लग्न. मुंबईहून मुलाचा फोन आला. "आई, वाद नको वाढवू. यंदा पाकिटातली हळद आणू. जात्यावर नावाला सुंदराकाकी बसेल." रखमा नुसतं "बरं" म्हणाली. तोंडाने कधी कोणाला हार न गेलेली बाई, आणि 'बरं'! थोड्या वेळाने सेजलने फोन केला. "आजी, तू नसशील तर मी हळद लावूनच घेणार नाही. कॅन्सल!"

"गप गो. हळद कॅन्सल करतेय!" रखमा खेकसली. पण फोन ठेवल्यावर तिला रडू फुटलं. पोटभर रडून झालं आणि मग तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो लाल झाला की उंबरकोंडातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात.

सकाळी ती पदर कमरेला खोचून मिनीडोर रिक्षाने पोलादपुरात उतरली आणि तडक महिपतच्या स्टुडिओत शिरली.

"दाव."

"काय दावू, काकी?"

"माझी हळद. जहाल हाय ना? दाव कुठं हाय ती."

महिपतने मुकाट्याने मूळ फोटो उघडले. रखमा मॉनिटरला नाक लावून बघायला लागली. खरोखरच सगळं पिवळं. मग तिला एकदम सुचलं, की येणारा-जाणारा हळदीच्या बोटांनी या काचेवर 'हा बघ, तो बघ' करत असणार, म्हणून काचच पिवळी पडली असणार. तिने पदर भिजवला आणि महिपत 'काकी, काकी, लाइट हाय त्यात' म्हणून ओरडेपर्यंत काच घासून काढली. चिंच मागवणार होती, तेवढं वाचलं. काच लखलखली. फोटो पिवळा तो पिवळाच.

मग तिचं लक्ष एका फोटोकडे गेलं आणि ती म्हणाली, "हे कुशाबाभावजी ना?"

"हो."

"त्यांच्या मिशीला हळद कोणी लावली?"

कुशाबांची ती पांढरीशुभ्र मिशी! तिला हात लावायची छाती सबंध तालुक्यात कोणाची नाही. आणि फोटोत ती केशरी-पिवळी.

"उडाली असेल," तो पुटपुटला.

"उडाली? टोळ हाय का ती? चल, माझा फोटो काढ. मी आज हळदीला शिवलेली नाय." काढला. मॉनिटरवर रखमा पिवळी. "आता मिठाचा काढ." शेजारच्या दुकानातून मीठ आलं. पिवळं. अंडं आणलं. पिवळं. दारात गर्दी जमायला लागली. प्रत्येकाला काहीतरी पांढरं सुचत होतं. कोणी टोपी काढून दिली, कोणी रुमाल, पलीकडचा चिकनवाला तर बगलेत एक पांढरीफेक बॉयलर कोंबडी घेऊनच आला. "हिचा काढा, हिच्यापरीस पांढरं पोलादपुरात काय नाय!" कोंबडीने क्षणभर पोज दिली, मग टेबलावर घाण केली. मॉनिटरवर कोंबडी पिवळीधमक!

हसूनहसून गर्दीची मुरकुंडी वळली. महिपतही हसत होता. हसता हसता त्याने सवयीने कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर नजर टाकली आणि त्याचं हसू थबकलं. तिथं कोंबडी पांढरी होती.

"काकी, इकडं बगा. इथं पांढरी. तिथं पिवळी. कोंबडी एकच, फोटो एकच!"

"म्हंजी कॅमेरा बरा हाय," रखमा म्हणाली.

"कॅमेरा बरा हाय, हळद बरी हाय," महिपत म्हणाला, आणि ते बोलताना त्याची मान खाली गेली. "माझा मॉनिटर खोटं बोलतोय."

मग त्याच्या अंगात आलं. शेवटी माणूस धंद्यातला. वायर बदलली, पिवळंच. मॉनिटरची बटणं दाबली तर मॉनिटरची स्वतःची पाटी उघडली, तिच्यावरची अक्षरं मात्र पांढरीस्वच्छ. खाली कोपऱ्यातलं घड्याळही पांढरं. पिवळा होता तो फक्त फोटो. "म्हणजे काच चांगली हाय," तो स्वतःशीच बडबडत होता, "कॉम्प्युटर फोटो दाखवताना काहीतरी मिसळतोय." त्याने महाडला अनुपमाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे गर्दीलाही ऐकू येईल.

अनुपमाने सगळं ऐकलं, कोंबडीसकट. मग म्हणाली, "दादा, कॉम्प्युटरला मॉनिटरची माहिती सांगणारी एक फाइल असते. तिला प्रोफाइल म्हणतात. हा मॉनिटर कोणता रंग कसा दाखवतो, ते त्यात असतं. तुमच्याकडे दुसऱ्याच मॉनिटरचं प्रोफाइल बसलंय. त्या प्रोफाइलनुसार तुमचा मॉनिटर निळा आहे, म्हणून कॉम्प्युटर बिचारा निळं मोडायला प्रत्येक फोटोत पिवळा ओततोय. आणि तुम्ही तो पिवळा पुसत बसलात. म्हणून माझ्याकडे फोटो निळे आले. कुठली सीडीबिडी घातली होती का?"

महिपतने झेंडूच्या वाळक्या हाराकडे बघितलं आणि हळूच "हो" म्हणाला.

"मग कलर मॅनेजमेंट उघडा. तिथलं ते प्रोफाइल काढून टाका, आणि साधं, सगळीकडे चालणारं एसआरजीबी प्रोफाइल घालून तेच कायमचं ठेवा. फोटोचा प्रोग्राम बंद करून परत उघडा."

सेटिंगमध्ये खरंच कुठल्या तरी भलत्याच मॉनिटरचं नाव होतं. ते त्याने काढलं, दुसरं निवडलं, प्रोग्राम बंद केला, उघडला. फोटो उघडला, आणि कोंबडी पांढरी झाली! काय तो आरडाओरडा! हायवेवरच्या गाड्या थांबून बघायला लागल्या. मीठ पांढरं, टोपी पांढरी, कुशाबांची मिशी पांढरी. आणि ओमच्या गालावर रखमाची हळद, गडद, मऊ, एकसारखी लागलेली. रखमा ती बघत राहिली.

"काकी, मला माफ करा," महिपत म्हणाला.

"इथं नको. वर चल. जिथं बोललास तिथं बोल."

मग निघाली वरात! मिनीडोरमध्ये महिपत, त्याच्या पायाशी कॉम्प्युटरचा डबा, रखमाच्या मांडीवर मॉनिटर, आणि मॉनिटरवर पाय रोवून कोंबडी, कारण साक्षीदार हवाच असं चिकनवाल्याचं ठाम म्हणणं पडलं. वळणावळणावर कोंबडी ओरडे, रखमा ओरडे आणि दोघींच्या वर महिपत ओरडे, "मॉनिटर सांभाळा!" ती कोंबडी अजून रखमाच्या परसात आहे. साक्षीला आलेल्या कोंबडीचा रस्सा कोण करणार?

सुंदराबाईच्याच ओटीवर मॉनिटर मांडला. महिपतने खोटं प्रोफाइल लावून दाखवलं, मिशी पिवळी. खरं लावलं, मिशी पांढरी. पिवळी, पांढरी, पिवळी, पांढरी. कुशाबा दर खेपेला हात लावून मिशी जागेवर आहे ना ते बघत होते. मग महिपत उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हळद चांगली होती. वाईट माझं मशीन होतं, आणि मी काकींवर ढकललं. ओमचा अल्बम मी नवा करून देणार."

कुशाबा म्हणाले, "झालं तर. आळ फिटला. रखमा जात्यावर बसेल."

आणि सुंदराबाई म्हणाली, "हळदीचा आळ फिटला. हाताचं मी बोलले ते मशीनवरून नाय बोलले. सवाष्ण ती सवाष्ण."

घ्या! एवढी मरमर करून बाई पुन्हा तिथल्या तिथे. रखमा भांडेल असं सगळ्यांना वाटलं. ती भांडली नाही. "धनी गेले तवा माझं कुकू पुसलंत," ती म्हणाली, "हात तर नाय ना तोडलेत? नातीला माझी हळद लागावी एवढंच मागते मी. नाय तर नाय." आणि पदर सावरून निघून गेली. उठून एक शब्द बोलायची हिंमत या खेपेलाही कोणाला झाली नाही, कुशाबांनासुद्धा.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात जातं मांडलं, त्याला आंब्याचा डहाळा बांधला. सुंदराबाई नवी साडी नेसून बसली. रखमा मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तांदळात खडा नव्हता, तरी निवडत होती. सेजल पाटावर बसेना. "आजी येऊ दे," एवढंच म्हणे. आईने समजावलं, बापाने डोळे वटारले, पण नातही रखमाचीच. हलली नाही.

तेवढ्यात महिपत पोहोचला, काखेत नवा अल्बम. त्याने तो सुंदराबाईच्या मांडीवर ठेवला. ती आधी उघडीना. आता पुन्हा काय रंग दाखवतोय कोण जाणे, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग उघडला. पहिल्याच पानावर ती स्वतः होती, ओमच्या गालाला हळद लावताना. ओम हसत होता. तिचे डोळे भरलेले. आणि तिच्या बोटांवरून ओमच्या गालावर उतरलेला तो रंग, जसा त्या दिवशी होता अगदी तसाच. सुंदराबाईने त्या पानावरून एकदा हात फिरवला. पुढचं पान तिने उलटलंच नाही. अल्बम मिटला, पाकिटातली हळद पाटाखाली सरकवली आणि पडवीकडे तोंड करून हाक मारली, "रखमे, ये गो. मला एकटीला व्हत नाय."

"नावाला तर दळायचंय," पडवीतून आवाज आला. "दळ की."

"नावाला नाय. खरीच दळायची हाय. तुझी आण."

मग मडक्याचं झाकण वाजलं. रखमा आली, समोर बसली, खुंट्याला हात घातला. दोघींचे हात एकावर एक आले. "दम लाव," रखमा म्हणाली, "नायतर पोरीचे गाल सोलवटतील." जातं फिरायला लागलं, बायकांनी ओव्या धरल्या आणि सेजल आपणहून पाटावर येऊन बसली.

पिवळीधमक हळद निघाली. आधी देवाला, मग सेजलला. एकेक बाई लावून गेली. शेवटी वाटीत थोडी उरली. रखमा जात्याखालचं पीठ झटकत होती, तेव्हा सुंदराबाईने वाटीत बोटं बुडवली आणि रखमाच्या गालाला लावली. मोरू गेल्यापासून त्या गालाला हळद लागली नव्हती, आणि हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

"अरे, अरे, अरे!" महिपत ओरडला. कॅमेरा त्याच्या गळ्यात तसाच लोंबत होता. "राहिला ना! बघतच बसलो मी! परत लावा, सुंदराकाकी, परत!"

"मेल्या, एवढं मोठं मशीन घेऊन काय करतोस?" रखमा त्याच्यावर खेकसली.

सुंदराबाईने पुन्हा वाटीत हात घातला. या खेपेला मूठ भरून घेतली. रखमाने गाल पुढे केला.